स्वे बार, बुश आणि घरगुती सुधारणा : अमेरिकेतील एस.यू.व्ही.च्या स्थिरतेच्या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा

सारांश

मोटारीचे अंग वळणावर कलू नये म्हणून डाव्या व उजव्या चाकांना जोडणारा पोलादी दांडा म्हणजे स्वे बार होय. अमेरिकेत एस.यू.व्ही. वाहनांचे मालक हा दांडा आणि त्याचे बुश घरच्या घरी बदलतात. ही कृती वरवर किरकोळ दुरुस्तीची वाटते. वाहन स्थिर ठेवण्याची जबाबदारी उत्पादकाची, शासनाची की मालकाची, हा विसाव्या शतकातील वाद मात्र तिच्यामागे उभा आहे. प्रस्तुत लेखात १९१९ पासून २०१२ पर्यंतच्या कालखंडात या वादाचा मागोवा घेतला आहे.

बीजसंज्ञा : स्वे बार, बुश, एस.यू.व्ही., वाहन उलटणे, घरगुती दुरुस्ती, ग्राहक सुरक्षा.

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना इंजिन, इंधन आणि वेग यांना मोठे स्थान मिळते. वाहनाखाली चिखलात माखलेल्या लहान भागांकडे इतिहासकाराचे लक्ष सहसा जात नाही. प्रत्यक्षात अशा एखाद्या भागाच्या असण्या-नसण्यावरून ग्रंथ लिहिले गेले, न्यायालयीन लढे झाले आणि कायदे बदलले. स्वे बार हा असाच एक भाग आहे. अँटी-रोल बार, स्टॅबिलायझर बार ही त्याचीच अन्य नावे असून आपल्याकडील गॅरेजमध्ये तो 'स्टॅबिलायझर रॉड' म्हणून ओळखला जातो.

या दांड्याचा इतिहास उत्पादकांच्या बाजूने पाहण्याची प्रथा आहे. घराच्या अंगणात गाडी उभी करून हातात पाना घेतलेल्या मालकाच्या बाजूनेही तो पाहणे आवश्यक आहे, अशी या लेखाची भूमिका आहे. त्यासाठी प्रथम या भागाचे कार्य थोडक्यात समजून घेणे उचित ठरेल.

दांड्याचे कार्य आणि मर्यादा

स्वे बार साधारणतः इंग्रजी 'यू' अक्षराच्या आकाराचा असतो. त्याचा मधला आडवा भाग दोन बुशांमध्ये धरून गाडीच्या सांगाड्याला बसवलेला असतो आणि त्याची दोन टोके लिंक रॉडच्या साहाय्याने दोन्ही बाजूंच्या चाकांच्या आधारांना जोडलेली असतात. दोन्ही चाके एकाच वेळी वर-खाली झाली तर दांडा बुशांमध्ये नुसता फिरतो. एक चाक वर आणि दुसरे खाली गेले की त्याला पीळ बसतो. या पिळाला तो विरोध करतो व त्यामुळे गाडीचे कलणे कमी होते.

भरीव दांड्याचा पिळाला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घातानुसार वाढतो. २५ मिलिमीटर व्यासाच्या जागी २८ मिलिमीटरचा दांडा बसवला तर जाडीतील वाढ केवळ १२ टक्के असते, पण ताठरपणा सुमारे ५७ टक्क्यांनी वाढतो. याच नियमामुळे पोकळ दांडेही उपयुक्त ठरतात. बाहेरील व्यासाच्या निम्म्या व्यासाची पोकळी ठेवली तर वजन २५ टक्क्यांनी घटते, ताठरपणा मात्र सुमारे ६ टक्क्यांनीच कमी होतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. वळणावर आतल्या चाकांवरील भार बाहेरच्या चाकांवर सरकतो. एकूण किती भार सरकेल हे प्रामुख्याने वाहनाचे वजन, गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांतील अंतर यांवर ठरते. स्वे बार हा एकूण भार कमी करत नाही. पुढच्या अ‍ॅक्सलने त्याचा किती वाटा उचलावा आणि मागच्याने किती, एवढेच तो ठरवतो. टायरवरील भार जितका वाढतो तितक्या प्रमाणात त्याची पकड वाढत नाही. त्यामुळे ज्या अ‍ॅक्सलवरचा दांडा ताठर, त्या अ‍ॅक्सलची एकूण पकड आधी संपते. ती पुढे संपली तर गाडी वळणाच्या बाहेरच्या बाजूस सरळ जाऊ पाहते. या प्रवृत्तीला अंडरस्टीअर म्हणतात. मागे संपली तर गाडीचे शेपूट बाहेर फेकले जाते. तिला ओव्हरस्टीअर म्हणतात. सामान्य चालकाला पहिली अवस्था सावरणे सोपे जाते, म्हणून बहुतेक उत्पादक तिच्याकडे झुकणारी रचना पसंत करतात.

आरंभीचा कालखंड : १९१९ ते १९६०

कॅनडातील न्यू ब्रन्स्विक प्रांतातील फ्रेडरिक्टन येथील स्टीफन कोलमन यांना २२ एप्रिल १९१९ रोजी अशा दांड्याचे पेटंट मिळाले. हे या क्षेत्रातील पहिले पेटंट मानले जाते. मात्र त्यानंतरची अनेक वर्षे हा भाग मोटारींवर क्वचितच दिसे. त्या काळच्या गाड्यांचे कमानी पाटे इतके ताठर असत की गाडीला कलू न देण्याचे काम ते स्वतःच बरेचसे करत. प्रवाशांना बसणारे हादरे ही त्याची किंमत होती.

१९३४ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या अनेक गाड्यांना पुढील बाजूस स्वतंत्र निलंबन दिले. त्यामागे रोल्स-रॉइसमधून अमेरिकेत आलेले अभियंते मॉरिस ओली यांचे कार्य होते. स्प्रिंगा मऊ झाल्या, प्रवास सुखाचा झाला, पण गाड्या वळणावर अधिक कलू लागल्या. मऊ स्प्रिंग आणि ताठ चाल यांचा मेळ घालण्याचा मार्ग म्हणून स्वे बारचे महत्त्व वाढले. १९५० नंतर तो अधिकाधिक गाड्यांवर दिसू लागला.

याच काळात जीपची परंपरा वेगळ्या वाटेने चालली होती. दुसऱ्या महायुद्धासाठी १९४१ पासून विलिस व फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप तयार केल्या. या वाहनाला पाटे होते, स्वे बार नव्हता. खडकाळ जमिनीवर चारही चाके जमिनीला टेकलेली राहावीत म्हणून प्रत्येक चाकाला मोकळेपणा हवा होता. उंच चेसिस आणि चाकांतील अरुंद अंतर ही त्याच गरजेची अपत्ये होती. पुढे नागरी रस्त्यांवर जे संकट उभे राहिले त्याचे मूळ या रचनेत होते.

कॉर्व्हेअर प्रकरण : नसलेल्या दांड्याचा वाद

स्वे बार सार्वजनिक चर्चेत आला तो एस.यू.व्ही.मुळे नव्हे, तर शेव्हरोलेच्या कॉर्व्हेअर या छोट्या मोटारीमुळे. १९६० चे मॉडेल म्हणून आलेल्या या गाडीचे इंजिन मागे होते आणि मागील चाके स्विंग अ‍ॅक्सलवर होती. तीव्र वळणावर बाहेरचे मागील चाक आत दुमडण्याचा धोका अशा रचनेत असतो. पुढे स्वे बार दिला असता तर सरकणाऱ्या भाराचा मोठा वाटा पुढच्या चाकांनी उचलला असता. तो प्रारंभी प्रमाणित भाग म्हणून दिला गेला नाही. त्याऐवजी पुढील टायरमध्ये १५ आणि मागील टायरमध्ये २६ पी.एस.आय. असा विषम दाब राखण्याची सूचना मालकाला करण्यात आली. स्थिरतेचा एक मोठा भाग अशा रीतीने मालकाच्या हवा भरण्याच्या सवयीवर सोपवला गेला.

या उणिवेवर मालकांनी स्वतःच उपाय शोधला. कॅलिफोर्नियातील ई.एम.पी.आय. या कंपनीने मागील चाके दुमडू नयेत म्हणून 'कॅम्बर कॉम्पेन्सेटर' नावाची आडवी पट्टी विक्रीस आणली आणि हौशी मालक ती बसवू लागले. शेव्हरोलेने १९६४ च्या मॉडेलमध्ये पुढे स्वे बार व मागे आडवा पाटा प्रमाणित केला. १९६५ मध्ये मागील निलंबनच बदलण्यात आले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये राल्फ नेडर यांचा 'अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. खर्च वाचवण्यासाठी उत्पादकाने सुरक्षेशी तडजोड केली, हा त्यातील मुख्य आरोप होता. सप्टेंबर १९६६ मध्ये राष्ट्रीय वाहतूक व मोटार वाहन सुरक्षा कायदा संमत झाला.

या इतिहासाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. १९७२ मध्ये शासकीय महामार्ग सुरक्षा संस्थेच्या अहवालाने कॉर्व्हेअरची हाताळणी समकालीन गाड्यांपेक्षा वाईट नसल्याचा निर्वाळा दिला. तरीही 'सुरक्षिततेसाठी आवश्यक भाग ऐच्छिक असावा काय?' हा प्रश्न या प्रकरणाने कायमचा उभा केला.

जीपकडून एस.यू.व्ही.कडे

१९७५ च्या ऊर्जाविषयक कायद्याने अमेरिकेत मोटारींसाठी इंधन-कार्यक्षमतेचे निकष आणले. 'हलका ट्रक' या वर्गाला तुलनेने सौम्य निकष लागू झाले. ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली एस.यू.व्ही. या वर्गात मोडत असल्याने उत्पादकांना ती लाभदायक ठरली. शेत, जंगल व सैन्य यांसाठी जन्मलेले वाहन अशा प्रकारे शाळेत मुले सोडण्याचे कौटुंबिक वाहन बनले. वापर बदलला, पण गुरुत्वमध्याची उंची तीच राहिली.

याचे परिणाम लवकरच दिसू लागले. डिसेंबर १९८० मध्ये 'सिक्स्टी मिनिट्स' या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने जीप सी.जे.-५ उलटण्याच्या चाचण्या घराघरांत पोहोचवल्या. १९८६ मध्ये आलेल्या जीप रँग्लर वाय.जे.मध्ये चाकांतील अंतर वाढवून उंची थोडी कमी करण्यात आली आणि स्वे बारही देण्यात आला. १९८८ मध्ये 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या मासिकाने सुझुकी सामुराई 'अस्वीकार्य' ठरवली. त्यावरून १९९६ मध्ये सुरू झालेला दावा २००४ मध्ये तडजोडीने मिटला.

सर्वांत गंभीर प्रकरण फोर्ड एक्स्प्लोररचे. १९९० मध्ये विक्रीस आलेल्या या वाहनासाठी टायरचा दाब २६ पी.एस.आय. ठेवण्याची शिफारस होती. हा दाब ठरवताना स्थिरतेचा विचार झाला होता, असे पुढे उघड झालेल्या कंपनीच्या कागदपत्रांतून दिसले. कमी दाबाने टायर अधिक तापतात. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने ६५ लाख टायर परत बोलावले. या टायरांशी संबंधित अपघातांत अमेरिकेत २७१ मृत्यू झाल्याची शासकीय नोंद आहे. कॉर्व्हेअरप्रमाणेच येथेही रचनेतील अडचणीचे उत्तर टायरच्या हवेत शोधले गेले होते, हे साम्य लक्षणीय आहे.

अंगणातील कार्यशाळा

शासन आणि उत्पादक यांच्यात हा संघर्ष चालू असताना मालक निष्क्रिय नव्हता. अमेरिकेत घराला जोडून गॅरेज असण्याची पद्धत, अवजारांची सहज उपलब्धता आणि मजुरीचे चढे दर यांमुळे स्वतः दुरुस्ती करण्याची परंपरा रुजली. १९४८ मध्ये सुरू झालेले 'हॉट रॉड' मासिक आणि १९६३ मध्ये स्थापन झालेली सुट्या भागांच्या उत्पादकांची 'सेमा' ही संघटना तिच्या वाढीच्या खुणा होत. १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याने, ग्राहकाने ठरावीक ब्रँडचेच भाग वापरावेत अशी अट हमीपत्रात घालण्यास सामान्यतः मनाई केली. त्यामुळे या परंपरेला कायद्याचेही बळ मिळाले.

स्वे बार बदलणे हे या परंपरेतील लोकप्रिय काम आहे, कारण त्यासाठी इंजिनाला हात लावावा लागत नाही. पण यातील शिस्त जाणून घेण्याजोगी आहे. गाडी जॅकवर तोलून तिच्याखाली जाणे हा जीवघेणा निष्काळजीपणा ठरतो. ती सपाट जागी, भक्कम आधारांवर किंवा चढ-पट्ट्यांवर उभी करावी लागते. अ‍ॅक्सलची एकच बाजू उचलली तर दांड्यात पीळ साठून राहतो आणि लिंक रॉडचा नट सुटताच दांडा जोराने उसळू शकतो. म्हणून दोन्ही चाके समान पातळीवर ठेवतात. गंजलेल्या नट-बोल्टांवर आदल्या दिवशी तेल सोडणे, नवा बुश निवडण्यापूर्वी दांड्याचा व्यास व्हर्निअरने मोजणे, गाडीचा पूर्ण भार चाकांवर आल्यावर टॉर्क रेंचने नट शेवटचे आवळणे आणि काही दिवसांनी ते पुन्हा तपासणे, असा हा क्रम असतो.

बुशांच्या निवडीत रसायनशास्त्राचा इतिहास डोकावतो. चार्ल्स गुडइयर यांनी १८४४ मध्ये पेटंट घेतलेल्या व्हल्कनीकरणामुळे टिकाऊ रबर शक्य झाले. ओटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये जर्मनीत पॉलियुरेथेनचा शोध लावला. रबरी बुश मऊ असल्याने रस्त्याचा आवाज व थरथर शोषून घेतो, पण कालांतराने त्याला भेगा पडतात, तेलाने तो फुगतो आणि दांड्याची हालचाल चाकापर्यंत पोहोचण्यास विलंब होतो. पॉलियुरेथेनचा बुश कठीण असल्याने दांडा तत्काळ काम करू लागतो. मात्र तो करकरतो, त्याला सिलिकॉन ग्रीस लावावे लागते आणि त्यातून हादरे सांगाड्यापर्यंत पोहोचतात. जुन्या गाडीत केवळ झिजलेले बुश व लिंक रॉड बदलले तरी गाडीची मूळ चाल बरीचशी परत येते.

झिजलेला भाग बदलणे ही दुरुस्ती होय. अधिक जाड दांडा बसवणे ही मात्र मूळ रचनेची फेरआखणी ठरते. केवळ मागचा दांडा जाड केला तर गाडी वळणावर चपळ वाटते, परंतु उत्पादकाने राखलेला अंडरस्टीअरचा पल्ला कमी होतो. ओल्या रस्त्यावर अचानक वळावे लागल्यास मागची चाके आधी घसरण्याची शक्यता वाढते. जाड दांड्याचा वाढीव ताण मूळ ब्रॅकेट व लिंक रॉडवरही येतो. शिवाय गाडी कमी कलू लागल्याने चालकाला मर्यादेची पूर्वसूचना कमी मिळते आणि तो अधिक वेगाने वळण घेऊ लागतो. गुरुत्वमध्याची उंची आणि चाकांतील अंतर तसेच राहिल्याने गाडी उलटण्याचा मूळ धोका मात्र फारसा घटलेला नसतो.

याच्या अगदी उलट सुधारणाही प्रचलित आहे. खडकाळ वाटांवर जाणारे मालक चाकांना मोकळीक मिळावी म्हणून पुढील स्वे बारचे लिंक सोडवतात. ते पुन्हा न जोडता महामार्गावर येणे अर्थातच धोक्याचे असते. मालकांची ही गरज उत्पादकांनीही ओळखली. २००७ च्या जीप रँग्लर रुबिकॉनमध्ये बटन दाबून पुढील स्वे बार सोडवण्याची सोय आली आणि ठरावीक वेगानंतर तो आपोआप जोडला जाईल अशी व्यवस्था करण्यात आली. अंगणात जन्मलेली कल्पना अशा रीतीने कारखान्यात पोहोचली आणि तेथे तिला सुरक्षेची जोड मिळाली.

शासनाचा हस्तक्षेप

एक्स्प्लोरर प्रकरणानंतर नोव्हेंबर २००० मध्ये 'ट्रेड' कायदा लागू झाला. २००१ च्या मॉडेलांपासून महामार्ग सुरक्षा संस्थेने वाहनांना उलटण्याच्या शक्यतेनुसार तारांकन देण्यास आरंभ केला. चाकांतील अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागून येणारा स्थिरता-गुणांक हा त्याचा पाया होता. मोटारींसाठी हा गुणांक सर्वसाधारणपणे १.३ ते १.५ आणि एस.यू.व्ही.साठी १.० ते १.३ असल्याचे संस्थेने नमूद केले. या सूत्रात स्वे बारला स्थान नाही, ही बाब पुरेशी बोलकी आहे. २००४ च्या मॉडेलांपासून धावत्या चाचणीचीही भर पडली.

एप्रिल २००७ मध्ये इलेक्ट्रॉनिक स्थिरता नियंत्रण अनिवार्य करणारा नियम आला व २०१२ च्या मॉडेलांपर्यंत तो हलक्या वाहनांना पूर्णपणे लागू झाला. या प्रणालीमुळे एकट्या वाहनाचे अपघात मोटारींबाबत ३४ टक्क्यांनी आणि एस.यू.व्ही.बाबत ५९ टक्क्यांनी घटतील, असा संस्थेचा अंदाज होता. गाडी घसरू लागताच ही प्रणाली निवडक चाकांना ब्रेक लावते. तिची गणिते मूळ दांडे, मूळ टायर आणि मूळ उंची गृहीत धरून बसवलेली असतात. त्यामुळे २०१२ नंतरच्या गाडीत दांडा बदलणारा मालक नकळत या गणितांच्या गृहीतकांतही बदल करत असतो.

भारतीय संदर्भ

या अमेरिकी इतिहासाचे दोन धागे थेट भारतात येतात. पहिला धागा जीपचा. १९४७ पासून महिंद्र कंपनीने मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि याच परंपरेतून पुढे भारतीय उपयुक्तता वाहने घडत गेली. दुसरा धागा सुझुकीचा. १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सी ही सामुराईच्याच कुळातील. १९९३ मध्ये तिच्या चाकांतील अंतर ९० मिलिमीटरने वाढवण्यात आले. स्थिरता-गुणांक थेट वाढवणारा हा बदल होता आणि तो मालकाच्या अंगणात होण्याजोगा नव्हता.

कायद्याची भूमिका मात्र भिन्न आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात या तरतुदीचा कठोर अर्थ ग्राह्य धरला. अमेरिकेत मालकाच्या अधिकारापासून चर्चा सुरू होते, आपल्याकडे उत्पादकाच्या विनिर्देशापासून.

निष्कर्ष

१. स्वे बारची उत्क्रांती ही सुखकर प्रवास व स्थिरता यांच्यातील तडजोडीची कहाणी आहे. मऊ स्प्रिंगांनी निर्माण केलेल्या प्रश्नाचे तो उत्तर होता.

२. कॉर्व्हेअर व एक्स्प्लोरर या दोन्ही प्रकरणांत रचनेतील अडचणीचा भार टायरच्या दाबाच्या रूपाने अंशतः मालकावर टाकला गेला. मालकांनी सुट्या भागांचा आश्रय घेतला तो या पार्श्वभूमीवर.

३. घरगुती सुधारणा ही नवकल्पनांची जन्मभूमीही ठरली आहे. म्हणून तिच्याकडे केवळ हौस किंवा बेजबाबदारपणा म्हणून पाहणे अनैतिहासिक ठरेल.

४. झिजलेले बुश बदलणे आणि दांड्याचा ताठरपणा वाढवणे यांत मूलभूत फरक आहे. पहिल्या कृतीत मालक उत्पादकाचा निर्णय पुन्हा प्रस्थापित करतो, दुसऱ्या कृतीत तो निर्णय स्वतःकडे घेतो. हा अधिकार त्याला असावा की नाही याचे उत्तर देशागणिक वेगळे मिळेल. मात्र त्या निर्णयाचे परिणाम मागच्या आसनावरील प्रवाशाला आणि समोरून येणाऱ्या वाहनालाही भोगावे लागतात. म्हणूनच अधिकाराच्या चर्चेत या ज्ञानाच्या प्रसाराचा विचार अनिवार्य ठरतो.